बुरडिणीची गाठ

नमस्कार करू नका तिथं, पाव्हणं. सतीचा नाही तो दगडावरचा हात. वाकून नीट बघा, मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. लोक येतात, हळदकुंकू वाहतात, फोटो काढतात नि जातात. विचारत कुणी नाही.

हा कोंडाईचा हात. ती गावची बुरडीण. तिच्या सुपातून पाणीसुद्धा गळत नसे, असं सांगतात. गावाला बढाया मारायची खोडच आहे, पण सूप ती चांगलं विणायची. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, सगळा संसार त्या दहा बोटांवर.

एकदा दिवाळी झाल्यावर ढिगातून वेळू ओढताना तिचं उजव्या हाताचं मधलं बोट अडकलं आणि सांध्यातून निखळून मागं वळलं. हाडवैद्य गावात एकच, धुळाबा धनगर. माझाच पूर्वज तो. म्हणून हे सांगताना मान खाली जाते माझी. त्यानं बोट धरलं, तिला मुलीचं नाव विचारलं आणि ती सांगतेय तोवर ओढून सांधा बसवलाही. मग तिच्याच घरची बांबूची कामटी लावून ते बोट शेजारच्या बोटाशी बांधलं आणि घट्ट गाठ मारली.

"एकवीस दिसांनी येतो आन् सोडतो," तो म्हणाला. "मी आल्याबिगर कुणाला हात लावू देऊ नगंस."

"न्हाई देत, आबा."

दुसऱ्या दिवशी तो मेंढरं कोकणात पोचवून माघारी यायच्या बेतानं निघाला आणि घाटातच तापानं गेला. शेवटपर्यंत म्हणे एकच घोकत होता, "बुरडिणीची गाठ सोडा." थोरल्या लेकानं ते ऐकलं. पण चारशे मेंढरं उघड्यावर टाकून मागं कोण फिरणार? बाई आपली आपण सोडंलच की, असं म्हणून तो पुढं गेला.

इकडं महिना झाला, दोन झाले. शेजारणी म्हणायच्या, "अगं, सोड की बया!" मुलगी एकदा दातानं गाठ सोडायला गेली, तर कोंडाईनं तिला मारलं. शब्द दिलेला. आणि सांधा पुन्हा निसटला, तर बसवायला गावात होतं कोण?

जेठात मेंढरं परतली, तेव्हा कुठं धुळाबा गेल्याचं गावाला कळलं. थोरल्यानंच गाठ सोडली. दोन्ही बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. तेल झालं, शेक झाला, नवस झाले. बोटं काही वाकली नाहीत. कामटी परत तिच्या हातात कधी ठरली नाही.

तिनं त्याला एवढंच विचारलं, "आबा जाताना माझं काय बोललं का?"

"न्हाई," तो म्हणाला.

खरं काय ते त्यानं म्हातारपणी सांगितलं आणि हा दगड घडवून घेतला. तोवर कोंडाईला जाऊन वीस वर्षं झाली होती. काय उपयोग?

आजही आमच्या घरात हाड बसवल्यावर पट्टीला गाठ मारत नाही, टोक नुसतं खोचतो. सोडायचा दिवस दुखणेकऱ्याकडून तीनदा वदवून घेतो. बरा झालेला माणूस इथं येतो, पट्टी ठेवतो आणि या हातापुढं आपली बोटं उघडून मिटून दाखवतो. रीतच आहे तशी. मी तेवढा वेळ पाठ करून उभा राहतो.