पहिला पाट

त्या राज्यात झोपलं की सगळं विसरायला व्हायचं. पाणी कुठं, घर कुठलं, शेजारी कोण, काही म्हणजे काही आठवायचं नाही. म्हणून तिथं राखणदार नेमलेले होते. सगळ्यांच्या आठवणी ते सांभाळायचे. हत्तीणबाईंकडे गाणी, सणवार आणि जुनी भांडणं होती. कासवकाकांकडे सगळ्यांची नावं होती, नाती होती आणि जागवणीचा पहिला शब्द होता.

सकाळी आपली आपण जागी व्हायची ती एकटी खारूताई. तिच्याकडे विसरण्यासारखं फार नव्हतंच. राखणदारांच्या पाटांची रांग तेवढी तिला ठाऊक होती. पहिल्या पाटापासून सुरुवात करायची आणि विचारायचं, "पहिला शब्द काय हो?" ज्याला येतो तो सांगणार, ज्याला येत नाही तो म्हणणार, "पुढं विचार." शब्द मिळाला की ती झाडावर चढून तो ओरडायची आणि मग एकेकाला आपापलं आठवत जायचं. विचारल्याशिवाय राखणदारानं बोलायचं नाही, असा तिथला रिवाज होता.

एका संध्याकाळी परमुलखातून उंट आला. पाठीवर ही भली थोरली पोती! कुठल्या कुठल्या राज्यांच्या आठवणी त्यांत ठासून भरलेल्या. एवढा मोठा राखणदार आपल्याकडे राहायला आलाय म्हटल्यावर सगळे हरखून गेले. पाहुण्याला शेवटी बसवायचं म्हणजे शोभतं का? त्याला पहिला पाट दिला. कासवकाका खाली, पुढच्या पाटावर सरकले. उंट बसला आणि पाट त्याच्याखाली दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी राज्य जागं होईना. डोळे सगळ्यांचे उघडे, पण बैल विहिरीकडे नुसते बघत उभे. कोंबड्या आपल्याच अंड्यांना बिचकत होत्या. सावळी नावाची म्हैस तर स्वतःच्या रेडकाला शिंगानं बाजूला सारत होती. ते भुकेलेलं पोर पुन्हा पुन्हा लुचायला यायचं, ती पुन्हा सारायची. बघवत नव्हतं अगदी.

खारूताई उंटापुढं ताटकळली होती. "थांब हं ताई, असेल इथंच कुठंतरी," असं म्हणत तो एकेक पोतं उपसत होता. एवढी पोती आहेत, तर वेळ लागणारच, असं तिला वाटलं. शिवाय पाहुण्याचं बोलणं अर्धवट टाकून पुढं जायचं कसं?

शेवटी खारूताईनं शेजारच्या रानातून सुतारपक्ष्याला बोलावलं. तो मोठा जाणकार. आला तो थेट कासवकाकांच्या पाठीवर उतरला आणि टकटक करून म्हणाला, "रोज हाच जागवायचा ना? मग बिघडलाय तो हाच. थकलाय. नदीवर न्या, वाळूनं आतून-बाहेरून घासा, पार कोरा करा. मग नव्यानं शिकवू."

"आणि त्या रेडकाचं नाव?" खारूताईनं विचारलं.

"दुसरं ठेवू की."

नाव दुसरं ठेवता येईल. पण हे आपलं आहे, हे सावळीला कोण सांगणार? खारूताईनं शेपटी आपटली. "काकांना हात लावायचा नाही. आधी सगळे पाट उचला. सगळ्यांना रांगेबाहेर काढा आणि काकांना एकट्याला बसवा."

सुतारपक्षी कुरकुरला, पण त्यानं तसं केलं. काकांनी मान बाहेर काढली, शब्द सांगितला आणि राज्य जागं झालं. सावळीनं रेडकाला असं चाटलं की ते बिचारं धडपडलंच.

"मग अडतंय कुठं?" सुतारपक्षी खजील होऊन म्हणाला.

ते कळायला पुन्हा झोपावं लागणार होतं. हत्तीणबाईंना काकांच्या आधी, पहिल्या पाटावर बसवून सगळ्यांनी डुलकी काढली. "मला नाही बाई येत, पुढं विचार," त्या म्हणाल्या. पुढं काका होतेच. राज्य जागं झालं.

राहिला उंट. सावळी मात्र झोपेना. "मी नाही डोळे मिटायची," ती म्हणाली. "नाही आठवलं तर? माझंच पोर मी लाथाडायचं?" खारूताई तिच्या कानाशी बसून राहिली. रेडकाच्या मानेवर हनुवटी टेकून सावळी कशीबशी झोपली.

उंट पाहुण्याच्या मानानं पहिल्या पाटावर बसला. खारूताईनं विचारलं. तो पोती उपसू लागला. तिकडं सावळीनं डोळे उघडले, मानेखाली हे काय म्हणून दचकली आणि रेडकाला शिंगानं ढकलून दिलं. रेडकू पडलं. उठलं आणि परत तिच्याकडंच गेलं.

उंटानं हे पाहिलं. त्यानं पोती उपसणं थांबवलं.

"ताई," तो खाली मान घालून म्हणाला, "मला तो शब्द येत नाही. कधीच येत नव्हता."

"अहो दादा, मग सांगायचं नाही का?"

"मला पहिल्या पाटावर बसवलंत. तिथं बसून 'मला येत नाही' कसं म्हणू?"

उंट उठला, आपली पोती ओढत रांगेच्या शेवटी गेला आणि तिथं जमिनीवरच बसला. खारूताईनं धावत जाऊन त्याच्यापुढं गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं.

तेव्हा कुठं तिचं लक्ष पहिल्या पाटाकडं गेलं. त्याच्या मधोमध, वर्षानुवर्षं कुणीतरी एकाच जागी बसल्यानं पडलेला, गुळगुळीत खळगा होता. कासवकाका हळूहळू चढले आणि त्या खळग्यात नेमके बसले.

खारूताईनं विचारलं. काकांनी सांगितलं. ती झाडावर चढून ओरडली.

सावळीनं मान वळवली. "भिंगरे," ती म्हणाली, "अगं, अजून दूध नाही प्यायलीस?"