शिक्का कोणाचा मानायचा?

“...मग बाबा, शिक्का मानायचा तरी कोणाचा?”

खाडीकाठच्या तकियात, म्हणजे आपल्या फकिरी मठीत, मिस्कीनशाह बाबा लसूण सोलत बसले होते. विचारणारा मुनाफ सर्गुरोह त्यांचा जुना मुरीद, म्हणजे शिष्य; आता हलाल प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेतला बडा साहेब. साऱ्या जगात चालेल असं एकच मानक ठरवायला देशोदेशीचे जाणकार मुंबईत जमले होते. मसुदा मुनाफचा. बैठकीचा उद्या शेवटचा दिवस, आणि गाडं पहिल्याच कलमावर अडलेलं.

“भांडण कशाचं?”

“एक म्हणतो, यंत्रानं कापलेली कोंबडी चालेल. दुसरा म्हणतो, हातानंच हवी. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही.”

“आणि तू?”

“मी सगळ्यांवरच शंका घेतो.”

हे सांगताना स्वारी जरा ताठच झाली.

बाबांनी लसूण बाजूला सारला.

जेवण आलं. तकियाचा रिवाज असा, की सगळ्यांनी एकाच मोठ्या थाळीभोवती बसायचं, आणि शेवटचा हात थाळीला लागेपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. बाबांचा हात लागला. वाटेत थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचा लागला. बिचारा सकाळपासून उपाशी होता.

मुनाफचा हात गुडघ्यावरच राहिला.

“मटण कुठून आणलं?”

वाढणाऱ्या खतीजाबी थबकल्या. “गावातनंच, साहेब.”

“कापलं कोणी?”

“माझ्या जावयानं.” त्यांचा आवाज खाली गेला. “नमाजी आहे तो.”

मुनाफनं हात पुढे केला नाही. भात निवत चालला. ड्रायव्हरनं भाताकडे पाहिलं, पण हात थाळीच्या काठावरच ठेवला.

“बाबा, शंका आली तर सोडून द्यावं, हे आपणच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.”

बाबांनी आपला हात थाळीवरून उचलला आणि रुमालाला पुसला. ड्रायव्हरनंही मुकाट्यानं हात मागे घेतला. खतीजाबींनी पदर डोळ्यांवर ओढला आणि थाळी उचलायला त्या वाकल्या.

मुनाफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देशोदेशीच्या कत्तलखान्यांत असे प्रश्न त्यानं बेधडक विचारले होते, पण विचारल्यावर समोरच्याचं काय होतं ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

“राहू द्या, खाला,” तो म्हणाला. त्यानं थाळीला हात लावला. “बिस्मिल्ला.”

मग सगळे जेवले. ड्रायव्हर तर पोटभर.

हात धुताना मुनाफनं पुन्हा विषय काढला. “पण बाबा, पहिल्या कलमात लिहू काय?”

“दुपारी जेवता कुठं रे तुम्ही?”

“कोण?”

“बैठकीतले सगळे.”

मुनाफ अडखळला. “आपापल्या खोलीत... ज्याचा त्याचा डबा असतो. दुसऱ्याचं कोणी खात नाही.”

“तुझाही डबा वेगळाच?”

“माझाही.”

बाबांनी हात पुसले.

“मग उद्या सकाळची बैठक सोडून दे. दुपारी सगळ्यांना एका थाळीभोवती बसव आणि तिथून सुरुवात कर.”