चांदीच्या गळ्यातली घंटा

फार वर्षांपूर्वी एका कळपात भुरी नावाची शेळी सगळ्यांच्या पुढे चालत असे. म्हातारपणी तिचे पाय थकले, तशी धनगराने तिची घंटा चांदी नावाच्या तरण्या शेळीच्या गळ्यात बांधली.

चांदीला भुरीच्या पाठीमागून चालायची सवय. पुढे नुसता मोकळा माळ बघून तिचा जीव कासावीस होई. प्रत्येक फाट्यावर ती घाबरून थांबे.

संध्याकाळी ती गोठ्यात भुरीला बिलगली. "आजी, मला नाही जमायचं. तू कधीच कशी थांबली नाहीस?"

"अगं, मीही फाट्याफाट्यावर भिऊन थांबायचे," भुरी म्हणाली. "मागच्यांना वाटायचं, ही आपल्यासाठीच थांबलीय."

दुसऱ्या दिवशी चांदी पुन्हा फाट्यावर थांबली. तिला भुरीची फार आठवण आली. तेवढ्यात एक लंगडं करडू धापा टाकत तिच्यापाशी पोचलं. चांदीने त्याला दम खाऊ दिला आणि मग चढाची वाट धरली.