पाण्याच्या गाडीचे एकशे चौदा फूट

"माझ्यावर नाही, तर मग कोणावर विश्वास ठेवणार तुम्ही, बाबा?"

हेमकांतने हे उभ्यानेच विचारलं. मठाच्या ओट्यावर चटई अंथरलेली होती, पण तो काही बसेना.

लोटनबाबा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. एक दाणा त्यांनी तोंडात टाकला.

"मी कुठे काय म्हटलं? सही करण्याआधी गाडी बघतो, एवढंच म्हटलं."

"एकेचाळीस वेळा पळवलीय मी ती. वहीत सगळं आहे, तारखेसकट."

"मग बेचाळिसावी इथे पळव."

हेमकांतने घड्याळ पाहिलं. पावणेचार. धुळ्याची बस पाचला.

हेमकांत बोरसे शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. अकरा वर्षं त्याने परीक्षानळ्या धुतल्या, आणि त्याच्यापेक्षा कमी जाणणाऱ्या मास्तरांच्या हातात नेऊन दिल्या. या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला शब्द दिला होता. जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाण्यावर पळणारी गाडी मांड, जूनपासून शाळेची कार्यशाळा तुझी, शिक्षक म्हणून. प्रदर्शनाची अट एकच होती: गाडी शंभर फूट गेली पाहिजे. शंभराच्या आतला अर्ज घेतच नव्हते. आणि अर्ज द्यायची मुदत आज संध्याकाळपर्यंत.

अर्जात दोन रकाने मोकळे होते. एक अंतराचा. दुसरा साक्षीदाराच्या सहीचा.

"साक्षीदार लोटनबाबा असतील तर मी वेगळं विचारणार नाही," असं अध्यक्षच म्हणाले होते.

आता एका बाबाच्या सहीला एवढा भाव का, ते सांगायला हवं. मठात येण्याआधी लोटनबाबा पांझरा नदीच्या काठी पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी पाटाने कुणाच्या शेतात, किती वेळ सोडायचं, हे पाटकरी ठरवतो. तीस वर्षं त्यांनी पाणी वाटलं, आणि पाण्यावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो त्या मुलखात त्यांच्या वाटणीवर कुणी बोट ठेवलं नाही. एकदा एक साहेब तिपाईवरची दुर्बीण घेऊन आले आणि पाटाला फोडायच्या नव्या चारीची रेघ आखून गेले. लोटन म्हणाला, पाणी चढणार नाही. कोण ऐकतो! चारी खणली, पाणी सोडलं, ते अर्ध्यात उभं राहिलं आणि त्यात बेडकं झाली. साहेबांनी विचारलं, "तुला कसं कळलं रे?"

"तुम्ही बुटात होता साहेब. मी अनवाणी होतो."

तर अशा माणसाची सही.

हेमकांतने पोत्यातून पंप, मोजायची टेप आणि गाडी काढली. दोन लिटरची थंड पेयाची बाटली आडवी बांधलेली. खाली छत्रीच्या काड्यांचा सांगाडा, चार चाकं, चाकांना बेअरिंग. बाटलीच्या तोंडाला रबरी बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. एक तृतीयांश पाणी, वर पंपाने कोंडलेली हवा. खिट्टी ओढली की बूच मागे राहतं, पाणी मागे उसळतं आणि गाडी पुढे सुटते.

"अगं बाई," झेलाबाई म्हणाली. ती मठात स्वयंपाक करायची आणि येईल त्याला बोलायची. "पाणी मागे टाकून पुढे जाते? आमच्या गावचा पुढारी पण असाच गेला."

हेमकांत हसला नाही. त्याने नळाखाली बाटली भरली. मठाच्या फाटकापाशी पाण्याची टाकी, टाकीखाली नळ, आणि नळापासून चिंचेपर्यंत सिमेंटचा सरळ रस्ता. बघावं तिथे सपाट. त्याने गाडी नळापाशीच लावली आणि पंप मारायला सुरुवात केली.

पंपाच्या काट्यावर चाळीस पाउंड… पन्नास… साठ.

खिट्टी ओढली.

फट्!

पांढरा फवारा उडाला, आणि गाडी अशी गेली की झेलाबाईने पदर सावरला. चिंच जवळ आली तशी ती मंदावली, डुलली, थांबली.

"टेप धरा झेलाबाई! गाडीपाशी धरा! हलवू नका!"

एकशे चौदा फूट.

हेमकांत धावतच ओट्यापाशी आला. अर्ज, पेन, सगळं एकदम पुढे केलं.

"बघितलंत? एकशे चौदा. आता करा सही."

बाबा गाडीकडे बघत होते.

"घेऊन ये ना ती इकडे."

हेमकांत गेला, गाडी उचलली, कडेवर पोर आणावं तशी आणली.

"उचलून का आणलीस?"

"मग कशी आणणार?"

"चाकं आहेत ना तिला?"

झेलाबाई फिस्सकन हसली. हेमकांतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाबा, बस पाचला आहे. चेष्टा उद्या करा."

बाबा उठले. शेजारचा पाण्याचा तांब्या घेतला, ओट्याची पायरी उतरले आणि नळापाशी, जिथून गाडी सुटली होती तिथे, रस्त्याच्या मधोमध तांब्या सावकाश ओतला.

पाणी पसरलं. क्षणभर तिथेच थांबलं.

मग त्याला एक जीभ फुटली… आणि ती चिंचेकडे निघाली. घाई नाही, आवाज नाही. गाडी गेली त्याच वाटेने, हातभर, दोन हात, चार हात.

हेमकांत बघत राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"एवढासा उतार कुठेही असतोच, बाबा."

"असतो."

"तेवढ्याने काय होतं?"

"शाळेत गाडी कुठून सोडायचास?"

"नळापासून. पाणी भरायला लागतं ना दर वेळी."

"नळ कुठे आहे?"

"टाकीखाली."

"आणि टाकी कुठे बांधतात, हेमकांत?"

हेमकांतने मान वळवून टाकीकडे पाहिलं. टाकी उंच जागा बघूनच बांधतात.

"एकेचाळीस वेळा," बाबा म्हणाले, "गाडी गेली. आली एकदाही नाही. येताना तूच आलास, तिला घेऊन."

गुळाचा व्यापारी दुसऱ्याची ढेप घेताना आधी नख लावतो, चिमूट जिभेवर ठेवतो, नाक मुरडतो. स्वतःच्या ढेपेला नख लावताना त्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही. हेमकांतने वर्गातल्या पोरांचे प्रयोग अकरा वर्षं तपासले होते. अमक्याने काच नीट पुसली नाही, तमक्याने दोनदा मोजलं नाही. आणि स्वतःच्या गाडीला मात्र…

तो वळला. गाडी उचलली, बाटली नळावर भरली आणि तरातरा चिंचेखाली गेला. तोंड टाकीकडे केलं.

"सपाटच आहे!" तो तिथून ओरडला. "बघा आता!"

साठ पाउंड. फट्!

गाडी निघाली तर तशीच, फवारा तसाच. पण अर्ध्या वाटेवर तिला दम लागल्यासारखं झालं. थांबली.

"एकाहत्तर," झेलाबाई म्हणाली. टेप वाचायला ती एव्हाना शिकली होती.

"चाकात खडा अडकला असेल."

पुन्हा. अडुसष्ट.

"वारा समोरून आहे."

"वारा कुठाय रे?" झेलाबाई म्हणाली. "सकाळपासून चिंचेचं पान हललं नाही."

पुन्हा भरली. या वेळी त्याने काटा साठावर थांबवला नाही. पासष्ट… सत्तर… पंचाहत्तर. पंपाचा दांडा खाली जाईना, तो अंगाचं सगळं वजन टाकून दाबत होता. ऐंशीला खिट्टीची वाट न बघता बूच सुटलं. गाडी आडवी उडाली, दगडावर आपटली, आणि सगळं पाणी हेमकांतच्या तोंडावर.

शर्ट छातीला चिकटला. चष्म्यावरून थेंब ओघळत होते.

"चला," झेलाबाई म्हणाली, "एकाची तरी अंघोळ झाली." मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने आपला पदर त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा पुसला. सांगाड्याची एक काडी वाकली होती, ती सरळ करत करत तो ओट्यापाशी आला. चार वाजून वीस मिनिटं.

"दोन्हीकडची सरासरी काढली तर ब्याण्णव होतील," तो म्हणाला. "त्र्याण्णव. शंभर होत नाहीत."

"हं."

"शंभर नाहीत तर अर्ज नाही. अर्ज नाही तर जून नाही. पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण असेल कुणास ठाऊक. मी पुन्हा नळ्या धुवायच्या?"

बाबा शेंगा सोलत होते.

"गाडी खोटी नाही, बाबा. मी बनवलीय, माझ्या हाताने. कुणाची नक्कल नाही, विकत आणलेली नाही. एकशे चौदा गेली ती. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मी काही न घडलेलं लिहायला सांगत नाही."

"नाही सांगत."

"अर्जात कुठे लिहिलंय की रस्ता सपाट पाहिजे?"

"मला कुठे वाचता येतं एवढं?"

"नाही लिहिलेलं. मी दहा वेळा वाचलाय."

"दहा वेळा…" बाबा म्हणाले.

हेमकांतने अर्जाची घडी केली, पुन्हा उलगडली. फाटकापर्यंत गेला, परत आला. गाडीचं चाक बोटाने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. बेअरिंगला तेल त्याने रोज घातलं होतं, सांगाड्याचं वजन छटाकछटाकाने कमी केलं होतं. गाडी चांगली होती. कुणीही म्हटलं असतं, चांगली गाडी आहे.

लांबून बसचा हॉर्न ऐकू आला. अजून अलीकडच्या गावात असेल. पंधरा मिनिटं.

"बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. असं शेंगा सोलत बसू नका."

बाबांनी टरफलं झाडली. हात पुढे केला.

"आण."

हेमकांतने अर्ज दिला. पेन दिलं.

बाबांनी कागद मांडीवर घेतला. खाली, साक्षीदाराच्या रकान्यात, एकेक अक्षर पाटातलं पाणी वळवावं तसं जपून काढत त्यांनी सही केली. लोटन रामा पाटकरी.

वरचा अंतराचा रकाना तसाच कोरा होता.

"बाबा… आधी आकडा लिहायचा असतो. मग सही."

"असेल."

"आता तुम्ही बघणार पण नाही, मी काय लिहितो ते?"

बाबांनी कागद त्याच्या हातात ठेवला आणि पेनही. फाटकापलीकडे वळणावर बसची धूळ उठली होती. झेलाबाई टेप गुंडाळायची थांबली.

हेमकांत पहिल्यांदाच चटईवर बसला. कागद गुडघ्यावर, पेनाची निब कोऱ्या चौकोनाच्या वर. ती खाली टेकेना.

"लिहा ना तुम्हीच…" तो म्हणाला. पेन त्याने बाबांपुढे धरलं.

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"हात तुझा आहे, हेमकांत. जाण्याचा हिशेब ठेवलास, आता येण्याचाही ठेव… आणि खरा ठेव."