अक्कानं लावलेली कडी

“मग इतकी वर्षं शास्त्र शिकलो, त्याचा घरात उपयोग काय, स्वामी?”

वामनशास्त्री उंबऱ्यातूनच बोलला. वादसभेत भल्याभल्यांना पाणी पाजणारा हा शिष्य, पण आज त्याला नमस्कार करायचंही सुचलं नाही.

माधवस्वामी तांदूळ निवडत होते. “काय झालं?”

“अक्काचा नंदू गेला परवा. तापानं.”

स्वामींचा हात थांबला.

“काल तिच्याकडे गेलो. देह नाशवंत, आत्मा अमर, सगळं नीट समजावलं. ती मधेच उठली, आत गेली आणि कडी लावली. आतून म्हणाली, पुन्हा येऊ नकोस... एकुलती एक बहीण आहे हो माझी.”

“जेवली होती का ती?”

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारीच पिठलं-भाकरी आणून देतात. तसं ताट अक्कापुढे होतं खरं. पण तिनं घास घेतला की नाही, हे वामनला काही केल्या आठवेना. तो बोलत होता ना!

“मी सांगितलं ते खोटं होतं का?” त्यानं विचारलं.

“खरं होतं.”

“मग?”

“तू शास्त्र कशासाठी शिकलास?”

“दुःख शिवू नये म्हणून.”

“शिवलं?”

“नाही,” वामन म्हणाला. त्या ‘नाही’त अजूनही थोडा ताठा होताच.

स्वामींनी तांदूळ बाजूला सारले.

“नंदू कसा होता रे?”

“आत्मदृष्टीनं पाहिलं तर—”

“मी नंदूचं विचारतोय.”

“तो... गूळ चोरायचा. विचारलं की तोंड घट्ट मिटून मान हलवायचा. आणि मी अक्काला सांगू नये म्हणून... त्यातला अर्धा खडा... माझ्या हातावर...”

पोर गेल्यापासून डोळ्याला पाणी न आलेला वामनशास्त्री तिथेच उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. फार वाईट रडला बिचारा.

बऱ्याच वेळानं तो उठला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

“एवढं शिकून शेवटी हेच,” असं पुटपुटत तो तोंड धुवायला रांजणाकडे वळला.

स्वामींनी पुढे होऊन रांजणावरचं झाकण दाबून धरलं.

“तसाच जा,” ते म्हणाले. “अक्काचं दार येईपर्यंत तोंड धुऊ नकोस.”