समाधीकडचं हिरवं गवत

"मग समाधीकडचंच गवत हिरवं कामून राहतं, अप्पा? तेवढं सांगा."

विरुपाक्षानं विचारलं खरं, पण उत्तर त्याच्याकडं आधीच तयार होतं. प्रश्न नुसता ऐकवायला होता. मठात असे प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. हा त्यांतला हुशार.

अप्पा म्हणजे बालाघाटच्या माळावरच्या एका लहानशा मठाचे म्हातारे स्वामी. मठाला शेती नव्हती. एक कुरण होतं, आणि देवणी गायी होत्या. त्यांच्या दुधावर मठाचं चालायचं. गायी आणि कुरण, दोन्ही विरुपाक्षाच्या हाती होतं.

"तूच सांग," अप्पा म्हणाले.

"समाधीतल्या थोरल्या अप्पांचं तप हाय ते. जमिनीतून वर येतंय. समाधीच्या लिंबाखाली बघा, काळंभोर गवत! अन् तिकडं खडकाकडं नुसतं पिवळं. तिकडं पाप हाय कुणाचं तरी."

"कुणाचं?"

"शोधायलोय."

अप्पांनी मान डोलावली. शोधणाऱ्याला अडवू नये.

मध्यंतरी कृषी सहायक येऊन माती तपासायला घेऊन गेला होता. खडकाकडच्या मातीत नत्र फार कमी आहे, असं त्यानं सांगितलं. नत्र हे पुण्याचं सरकारी नाव असावं, एवढाच बोध विरुपाक्षानं घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पिवळ्या गवतावर दुधाचा अभिषेक सुरू केला. गवत होतं तसंच राहिलं. मुंग्या मात्र बाळसं धरू लागल्या.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कुरण गायींना पुरेना. दूध आटलं. मठाच्या पंचांनी येऊन सांगितलं, दिवाळीनंतर निम्म्या गायी दुसऱ्या मठाला देऊन टाकू.

पंचांसमोर विरुपाक्ष ताठ उभा राहिला. ते गेल्यावर गोठ्यात शिरला आणि गौरी गायीच्या गळ्याला मिठी मारून ढसाढसा रडला. सगळ्या गायी त्यानं वासरापासून वाढवलेल्या. गर्विष्ठ माणूस रडायला लागला की बघवत नाही.

"निम्म्या जातील हो, अप्पा..."

मागून आलेल्या अप्पांनी गौरीच्या पाठीवर हात ठेवला.

"काहीतरी करा. तुमचं तप लावा."

"माझं कशाला? थोरल्या अप्पांचंच घे. उद्या दुपारी समाधीपाशी बस. डोळे मिटून. तिथल्या गवतावर जे उतरतं, ते तुझ्यावर उतरंल. पण काही झालं तरी उठायचं नाही."

विरुपाक्षाला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. अंघोळ करून, कपाळभर विभूती ओढून, धुतलेलं उपरणं पांघरून तो कडुलिंबाखाली जाऊन बसला.

भादव्याचं ऊन. माळावर सावली म्हणून तेवढीच, आणि पाण्याची पत्र्याची डोणही तिथंच ठेवलेली. ऊन चढलं तशा गायी आल्या, पाणी प्यायल्या आणि सावलीला दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

विरुपाक्षाचे डोळे मिटलेले. पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहिल्याची चाहूल लागली. थोरले अप्पाच आले, असं त्याला वाटलं. अंगावर काटा आला.

मग गौरीनं शेपूट उचललं.

उठायचं नाही, असं सांगितलेलं होतं. तो उठला नाही. त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे.

बऱ्याच वेळानं अप्पा काठी टेकत आले.

"उतरलं का काही?"

"उतरलं, अप्पा."

"कसं वाटलं?"

"कोमट."

अप्पा त्याच्यापासून जरा अंतर ठेवून बसले.

"गायी चरतात कुटं?"

"साऱ्या माळावर. खडकाकडं जास्तच. तिकडचं बारीक गवत त्यांना गोड लागतं."

"बसतात कुटं?"

"इथं."

"शेण?"

"इथंच की."

"अन् मूत?"

विरुपाक्षानं उपरण्याकडं बघितलं. "इथं."

"म्हणजे जेवायला घालावं खडकानं, अन् आहेर न्यावा लिंबानं."

विरुपाक्षानं उपरणं काढून बाजूला ठेवलं.

"मग पाप कुणाचं, सापडलं का?"

विरुपाक्षानं बराच वेळ इकडंतिकडं बघितलं. शेवटी त्याची नजर डोणीवर थांबली.

"हिचं, अप्पा."

"धर मग त्या बाजूनं."

दोघांनी मिळून डोण रिकामी केली आणि ओढत खडकाकडं नेली. तिथं तुराट्यांचा मांडव घातला. समाधीभोवती बोराटीच्या काटेरी फांद्या टाकायची वेळ आली तेव्हा मात्र विरुपाक्ष अडला.

"थोरल्या अप्पांना काटे?"

"टाक. दुपारची झोप होत नव्हती त्यांची. भिडस्त माणूस, बोलायचे नाहीत."

गायी आधी समाधीकडं गेल्या. काटे हुंगले, दोनदा हंबरल्या आणि रागारागानं पाण्याच्या मागं खडकाकडं गेल्या. दुपारभर तिथंच मांडवाखाली बसल्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तिथंच.

परतीचा पाऊस एकदा येऊन गेला. दसऱ्याच्या आसपास खडकाकडं मांडवाच्या कडेनं हिरवे ठिपके दिसू लागले. पुढं ठिपके वाढले, एकमेकांना भिडले. पंच आले, त्यांनी खाली वाकून गवत चाचपलं आणि म्हणाले, राहू द्या गायी, उन्हाळा तरी बघू.

विरुपाक्ष धावत अप्पांकडं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"राहिल्या, अप्पा! सगळ्या राहिल्या!"

अप्पांच्याही डोळ्यांत आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

पण विरुपाक्ष जाईना. घुटमळत उभा राहिला.

"अजून काय?"

"लोक तिकडं नारळ फोडायलेत, अप्पा. थोरले अप्पा आता खडकात प्रकटले म्हणतात. आता मला गायींचं ठाऊक हाय... पण गायींना तिकडं बसायची बुद्धी कुणी दिली? त्यांनीच ना? म्हणून म्हणतो, तिथं एक दगडी ओटा बांधू. मधोमध डोण. सिमेंटनं पक्की बसवू. पुन्हा कुणी हलवूच नये अशी."

अप्पांनी डोळे मिटले. खडकाकडून नारळ फुटल्याचा आवाज आला...

"बांध," अप्पा म्हणाले. "पण ओट्याला चाकं लाव."