दरवान आणि नवी कडी

सगळे प्रोग्राम एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका वाचनालयाच्या संगणकात वेब सर्व्हर नावाचा दरवान राहायचा. बाहेरून कुणी पुस्तकाचं पान मागितलं की दार उघडून ते हातावर ठेवायचं, हे त्याचं काम. संगणक सुरू झाल्यापासून तो एकदाही थांबला नव्हता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

एके दिवशी प्रोग्रामांना नवे भाग पोचवणारी अपडेटताई आली. "दादा, तुमच्या दाराची कडी बाहेरून तारेने निघते. चोरांना कळलंय ते. ही नवी कडी घ्या."

"ठेव त्या कोनाड्यात."

"नुसती ठेवून काय उपयोग? तुम्ही क्षणभर थांबून पुन्हा सुरू झालात, तरच ती दाराला बसेल."

"मी थांबू? अगं, न थांबणं हीच तर माझी ओळख! कडी घरात आली ना? मग झालं तर."

कडी पोचल्याचं कळल्यावर ग्रंथपाल सुलभाबाईही निर्धास्त झाल्या.

मग चोर आला. त्याने तारेने जुनी कडी काढली आणि दरवानाच्या पाठीमागून सगळी पानं नेली. कोनाड्यातल्या नव्या कडीचं वेष्टनसुद्धा फाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने एका वाचकाने पान मागितलं. दरवानाने ऐटीत दार उघडलं, आत हात घातला. हात रिकामाच बाहेर आला.

"पान नाही," तो ताठ मानेने म्हणाला, "पण मी थांबलेलो नाही."